खनिज आहे, मग अडतंय कुठे?

9 फेब्रुवारी 2023 रोजी केंद्रीय खाण मंत्रालयाने जाहीर केलं की जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात, सलाल-हैमना परिसरात, लिथियमचा 59 लाख टनांचा साठा असल्याचा अंदाज आहे. बातमी देशभर पसरली आणि भारताचा बॅटरीचा प्रश्न सुटला असंच अनेकांना वाटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा पट्टा लिलावात निघाला. लिलावाला किमान तीन पात्र बोलीदार लागतात, तेवढे आलेच नाहीत. मार्च 2024 मध्ये तो पुन्हा लिलावाला काढला, तरी निकाल तोच. देशातला सर्वांत गाजलेला खनिजसाठा घ्यायला कोणी पुढे आलं नाही.

देशी खाणकाम वाढवण्याच्या धोरणाबद्दल आपल्याकडे चर्चा होते ती जमिनीखाली किती टन आहे याची. माझ्या मते तो आकडा सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. रियासीचंच उदाहरण नीट पाहिलं तरी ते लक्षात येतं.

59 लाख टन हे वजन लिथियमचं नव्हे, लिथियम असलेल्या खडकाचं आहे. अशा एक टन खडकात धातू निघतो तो ग्रॅममध्ये मोजावा लागतो, फार तर काही शे ग्रॅम. शिवाय तो अंदाज प्राथमिक पायरीवरचा आहे. भूवैज्ञानिक शोधकामाच्या चार पायऱ्या मानतात, त्यांना जी-4 ते जी-1 म्हणतात. जी-4 म्हणजे पाहणी: नकाशे, खडकांचे वरवरचे नमुने, ओढ्यातल्या गाळाचं पृथक्करण. जी-3 मध्ये काही ठिकाणी खोदून किंवा वेधन (ड्रिलिंग) करून साठ्याचा ढोबळ आकार बांधतात. जी-2 मध्ये वेधनाची छिद्रं जवळजवळ घेतली जातात आणि जी-1 मध्ये इतकी दाट की खाणीचा आराखडा काढता येतो. रियासी जी-3 वर होतं. गुंतवणूकदार बँकेत जातो तेव्हा बँक जी-3 च्या कागदावर कर्ज देत नाही.

याहून मोठी अडचण खडकाच्या जातीची. जगातलं लिथियम मुख्यतः दोन ठिकाणांहून येतं. दक्षिण अमेरिकेतल्या मिठागरांखालच्या खारट पाण्यातून, आणि ऑस्ट्रेलियातल्या पेग्मटाइट खडकांमधल्या स्पोड्यूमिन या खनिजातून. रियासीचं लिथियम बॉक्साइटसोबतच्या चिकणमातीसारख्या थरात आहे. मातीतून लिथियम काढण्याची कृती प्रयोगशाळेत जमते, अमेरिकेत नेवाडा राज्यात थॅकर पास इथे तसा प्रकल्प उभाही राहतो आहे, पण मोठ्या प्रमाणावर आणि वर्षानुवर्षं नफ्यात चाललेला कारखाना अजून कोणी दाखवलेला नाही. त्यात डोंगराळ, भूकंपप्रवण, चिनाबकाठचा मुलूख. आणि लिथियमचा भाव 2022 च्या शिखरावरून 2024 पर्यंत ऐंशी टक्क्यांहून अधिक घसरलेला. अशा वेळी कंपन्या दूर राहिल्या यात नवल नाही.

सरकारने या काळात पुष्कळ काही केलं आहे. जून 2023 मध्ये 30 क्रिटिकल मिनरल्सची, म्हणजे अर्थव्यवस्थेला आणि संरक्षणाला अत्यावश्यक आणि पुरवठा खंडित होण्याचा धोका असलेल्या खनिजांची, यादी आली. लिथियम, कोबाल्ट, निकेल यांच्यासाठी आपण पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहोत. (मँगनीज या यादीत नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यात ते पिढ्यान्‌पिढ्या निघतंय, हे त्यामागचं एक कारण असावं.) ऑगस्ट 2023 मध्ये 1957 चा खाण कायदा बदलला. लिथियम, बेरिलियम, टायटॅनियम, नायोबियम, टँटलम आणि झिर्कोनियम ही सहा खनिजं आण्विक खनिजांच्या राखीव यादीतून बाहेर काढली आणि खासगी कंपन्यांना खुली झाली. 24 खनिजांच्या लिलावाचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला, महसूल मात्र राज्यांनाच मिळतो. जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी मिळाली. सात वर्षांसाठी सरकारचे 16,300 कोटी आणि सार्वजनिक कंपन्यांकडून अपेक्षित 18,000 कोटी रुपये. 2030-31 पर्यंत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी संस्थेने 1,200 शोधप्रकल्प करायचे आहेत.

तरीही लिलावाच्या पहिल्या फेरीतल्या 20 पट्ट्यांपैकी 13 रद्द करावे लागले. छत्तीसगडमध्ये कोरबा जिल्ह्यातल्या कटघोऱ्याचा लिथियम आणि रेअर अर्थचा (एकमेकांशी फार साम्य असलेल्या धातूंच्या एका गटाचा) पट्टा गेला, तो 76.05 टक्के प्रीमियमवर. म्हणजे खाणीतून निघणाऱ्या मालाच्या किमतीतले तीन-चतुर्थांशाहून अधिक पैसे राज्याला द्यायचे, रॉयल्टी वेगळी. लोहखनिजात अशा बोली खपून जातात, कारण तिथे खणलं की माल तयार असतो. लिथियममध्ये खणल्यानंतर खरा खर्च सुरू होतो. इतक्या चढ्या बोलीवर खाण प्रत्यक्षात चालेल का, ही मला काळजी वाटते.

शोधकामाच्या बाबतीत मात्र धोरणाची दिशा बरोबर आहे. ऑस्ट्रेलिया-कॅनडात नवे साठे शोधतात ते छोट्या शोधकंपन्या. त्या डझनभर ठिकाणी नशीब आजमावतात, एखादं लागतं, ते मोठ्या कंपनीला विकतात. आपल्याकडे शोधणाऱ्याला खाणीची खात्री नव्हती, म्हणून खासगी पैसा फिरकलाच नाही. आता खोलवरच्या 29 खनिजांसाठी शोधपरवाना मिळतो, आणि पुढे तिथे खाण झाली तर शोधणाऱ्याला प्रीमियममधला वाटा मिळतो. अशा परवान्यांच्या पहिल्या लिलावाची सुरुवात मार्च 2025 मध्ये गोव्यात झाली, एकूण 13 पट्टे. फळ यायला वेळ लागेल. साठा सापडल्यापासून खाण सुरू होईपर्यंत जगात सरासरी सोळा वर्षं गेली आहेत.

आता त्या खनिजाकडे वळू ज्यात शोधायचं काही उरलेलंच नाही.

केरळ, तामिळनाडू, ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यावर काळसर वाळूचे पट्टे आहेत. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाची अशी काळी वाळू आहे. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे पिवळसर तपकिरी, जड खनिज मिसळलेलं असतं. 1909 च्या सुमारास शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्यात त्याचे कण दिसले. तेव्हा त्याला मागणी होती ती गॅसबत्तीच्या जाळीसाठी. पूर्वी लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवत त्या बत्त्यांची पांढरी झगझगीत जाळी थोरियम ऑक्साइडची असे, आणि थोरियम मोनाझाइटमधून निघतं. ही जाळी शोधणारा ऑस्ट्रियन माणूस कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. त्यानेच 1885 मध्ये, तोवर एकच मूलद्रव्य समजल्या जाणाऱ्या ‘डिडिमियम’चे दोन तुकडे केले: प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम. एकाचे क्षार हिरवे, दुसऱ्याचे जांभळट गुलाबी. त्या काळी दुसऱ्याचा फारसा उपयोग नव्हता. आज विजेची गाडी, पवनचक्की आणि क्षेपणास्त्र त्याच्यापासून केलेल्या चुंबकांवर चालतं.

ही दोन्ही मूलद्रव्यं रेअर अर्थपैकी, आणि थोरियमसोबत मोनाझाइटमध्येच असतात. भारतात मोनाझाइटचा साठा सुमारे 1 कोटी 30 लाख टनांचा आहे. रेअर अर्थच्या साठ्यात चीन आणि ब्राझीलनंतर आपला क्रमांक लागतो. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी 1950 मध्ये स्थापन झाली, आज तिचं नाव आयआरईएल आणि मुख्यालय मुंबईत. केरळमधला अलुवाचा तिचा कारखाना 1952 मध्ये सुरू झाला, तेव्हा चीन या धंद्यात नव्हता. आज चीन वर्षाला सुमारे 2 लाख 70 हजार टन रेअर अर्थ ऑक्साइड काढतो, भारत सुमारे 2,900 टन. आणि शुद्धीकरणाचं जगातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास काम चीनमध्ये होतं.

असं का झालं हे समजायला वाळूच्या मागोमाग कारखान्यात जावं लागतं.

वाळू पाण्यासह मळसूत्री पन्हळीतून खाली सोडतात. हलकी साधी वाळू बाहेरच्या कडेला जाते, जड कण आतल्या बाजूला राहतात. ते वाळवून चुंबकापुढून आणि उच्च दाबाच्या विद्युतक्षेत्रातून नेतात. इल्मेनाइट चुंबकाकडे ओढलं जातं आणि वीजही वाहून नेतं. वाळूतलंच झिरकॉन हे खनिज दोन्हीला दाद देत नाही. मोनाझाइट चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, पण वीज वाहू देत नाही. एवढ्या फरकावर ते बाजूला काढता येतं. इथवर सगळं भौतिकशास्त्र आहे आणि ते आपल्याला उत्तम जमतं.

मग ते बारीक दळून कॉस्टिक सोड्यात शिजवतात. फॉस्फेट सुटून ट्रायसोडियम फॉस्फेट हा जोडमाल मिळतो. उरलेला लगदा हायड्रोक्लोरिक आम्लात घातला की रेअर अर्थ विरघळतात आणि थोरियम गाळात राहतं. हा गाळ किरणोत्सारी असल्याने देखरेखीखाली साठवावा लागतो. या थोरियममुळेच मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली राहिलं, आणि 2019 मध्ये तर किनाऱ्यावरच्या वाळूचं खासगी खाणकाम पूर्ण थांबवलं गेलं. थोरियमवर चालणाऱ्या अणुभट्ट्यांच्या आशेने आपण ते जपलं, हे योग्यच होतं. पण त्यासोबतची रेअर अर्थ अनेक दशकं दुय्यम ठरली.

आता हातात आहे तो क्लोराइडचा द्राव, त्यात लँथेनम, सेरियम, प्रेसिओडिमियम, निओडिमियम, समॅरियम सगळी एकत्र. खरी कसोटी इथे. या मूलद्रव्यांच्या अणूंत बाहेरची इलेक्ट्रॉन-रचना जवळपास सारखी असते, फरक पडतो तो आतल्या कक्षेत. रसायनशास्त्राला बाहेरचंच दिसतं. पाण्यात सगळ्यांचा विद्युतभार तीन, आणि आयनाचा आकार एकापुढे दुसऱ्यात अगदी थोडासा घटत जातो. एका पोत्यात आंबेमोहोर आणि इंद्रायणी मिसळून, दाणान्‌दाणा वेगळा करून द्या म्हणावं, तसं हे काम आहे.

उपाय आहे द्रावक-निष्कर्षणाचा. रॉकेलसारख्या तेलात फॉस्फरसयुक्त सेंद्रिय आम्ल मिसळतात आणि ते तेल त्या आम्लधर्मी पाण्याबरोबर एका पेटीत घुसळतात. जरा जड मूलद्रव्य तेलात किंचित जास्त जातं, हलकं पाण्यात किंचित जास्त राहतं. शेजारच्या पेटीत घुसळण थांबते, तेल वर तरंगतं, पाणी खाली बसतं. तेल पुढच्या पेटीकडे आणि पाणी मागच्या पेटीकडे जातं. शेजारच्या दोन मूलद्रव्यांत एका फेरीत पडणारा फरक दीड-दोन पटीचा. म्हणून अशा पेट्या शेकड्यांनी रांगेत लावाव्या लागतात. रांग स्थिर व्हायला आठवडे लागू शकतात, आणि मध्येच कुठे आम्लाचं प्रमाण बिघडलं तर पुढच्या सगळ्या पेट्यांतला माल गढूळ होतो. ही कृती पुस्तकात आहे, पण रांग चालवणारा माणूस वर्षानुवर्षांच्या हातसवयीने घडतो. चीनने चाळीस वर्षं अशी माणसं घडवली. त्याची किंमतही चुकवली: आंतरमंगोलियात बाओटोऊजवळ टाकाऊ गाळाचा विस्तीर्ण तलाव साठला आहे.

यापुढे चुंबक होईपर्यंत आणखी तीन टप्पे आहेत. ऑक्साइडचं वितळलेल्या क्षारात विद्युत-विघटन करून धातू करायचा. लोह आणि बोरॉनसोबत मिश्रधातू ओतायचा. तो हायड्रोजनमध्ये ठिसूळ करून काही मायक्रॉनची भुकटी करायची, चुंबकीय क्षेत्रात सगळे कण एका दिशेला वळवून दाबायचे आणि हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजायचे. तेव्हा जगातलं सर्वांत ताकदवान कायमस्वरूपी चुंबक तयार होतं. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते स्वतंत्रपणे शोधलं. विजेच्या मोटारगाडीत साधारण एक-दोन किलो चुंबक लागतं, स्कूटरला त्याहून बरंच कमी.

4 एप्रिल 2025 रोजी चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जुलैपर्यंत पुण्याच्या बजाज ऑटोला चेतक या विजेवरच्या स्कूटरचं उत्पादन घटवावं लागलं. मोनाझाइटचा एवढा साठा असलेल्या देशातला कारखाना बोटाएवढ्या चुंबकांसाठी अडला, याचा त्रास मला आजही होतो. आपलं रेअर अर्थ कुठे जात होतं? 2012 च्या करारानुसार आयआरईएलचा माल विशाखापट्टणममधल्या एका जपानी समूहाच्या कारखान्यात शुद्ध होऊन जपानला जात होता, कारण देशात तो घेणारा चुंबककार नव्हता.

नोव्हेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने चुंबकांसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. लक्ष्य वर्षाला 6,000 टन. मला ही योजना सगळ्या लिलावांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण ती साखळीच्या रिकाम्या कड्या भरू पाहते. पण हिशेब मांडून बघा. अशा चुंबकात साधारण 30 टक्के रेअर अर्थ असतात, म्हणजे 6,000 टनांना 1,800 टन तरी धातू हवा, कापणी-घासणीतली घट वेगळी. आपल्या 2,900 टन ऑक्साइडमध्ये निओडिमियम-प्रेसिओडिमियम मिळून पाचवा हिस्सा, सुमारे 600 टन. म्हणजे वाळूवरचं काम तिप्पट तरी वाढायला हवं. शिवाय मोटर तापली की चुंबकाचा जोर कमी होतो, तो टिकवायला थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात, आणि आपल्या मोनाझाइटमध्ये ही जड मूलद्रव्यं फारच कमी. ती बाहेरून आणावी लागतील, नाहीतर कमी डिस्प्रोसियमची चुंबकं आणि बिनचुंबकाच्या मोटरी घडवाव्या लागतील. मे 2023 मध्ये विशाखापट्टणमला समॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला, त्याची क्षमता वर्षाला 3,000 किलो. तीन टनांवरून सहा हजारांवर जायचं आहे. मिशनखाली संशोधनकेंद्रं निवडली गेली, त्यांत आयआयटी मुंबई आहे. तिथून बाहेर पडणारे धातुशास्त्रज्ञ या पेट्यांच्या रांगांपाशी जाऊन टिकले, तर पैसा कामी येईल.

काही खनिजांसाठी तर नवी खाण लागतच नाही. चिपमध्ये लागणारं गॅलियम स्वतंत्र खाणीतून येत नाही. ते बॉक्साइटमध्ये टनामागे काही दहा ग्रॅम असतं. कोल्हापूर जिल्ह्यात दुर्गमानवाडीचं बॉक्साइट बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्यात गेलं. अशा कारखान्यात बॉक्साइट कॉस्टिकमध्ये विरघळतं तेव्हा गॅलियमही विरघळतं, आणि तोच द्राव पुन्हापुन्हा फिरवत असल्याने त्यात ते साठत जातं. रेझिनच्या स्तंभातून द्राव नेऊन ते उचलता येतं. चीनने 2023 मध्ये गॅलियमच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा जगातलं जवळपास सगळं प्राथमिक गॅलियम तिथूनच येत होतं. 2025 च्या कायदादुरुस्तीने चालू खाणपट्ट्यात सापडलेली क्रिटिकल खनिजं वाढीव रक्कम न भरता काढायची मुभा दिली. ही तरतूद छोटी पण शहाणपणाची आहे. जुन्या बॅटरी आणि ई-कचऱ्यातून धातू काढण्यासाठी सप्टेंबर 2025 मध्ये 1,500 कोटींची योजनाही आली. महाराष्ट्रातलं आणखी एक नाव सांगायचं तर नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना-आगरगावचा टंगस्टन पट्टा, तोही अनेक वर्षं नकाशावरच आहे. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आणि शोधकाम करणारी सरकारी कंपनी एमईसीएल नागपुरातच आहेत.

धोरणातल्या एका निर्णयाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. 8 सप्टेंबर 2025 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आण्विक आणि क्रिटिकल खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. कारण दिलं ते राष्ट्रीय सुरक्षेचं आणि तातडीचं. पण वर सांगितलेल्या साखळीत वेळ कुठे जातो ते पाहा: वेधनात, कृती बसवण्यात, माणसं घडवण्यात. जनसुनावणी हा त्यातला अगदी लहान भाग. आणि ती टाळून वेळ वाचत नाही, हे ओडिशात दिसलं आहे. नियामगिरी डोंगरातल्या बॉक्साइटवर भरवसा ठेवून वेदांत कंपनीने पायथ्याशी लांजीगडला अॅल्युमिना कारखाना आधी उभारला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. कारखान्याला बॉक्साइट दुसरीकडून आणत बसावं लागलं.

कटघोरा ज्यात येतं तो कोरबा हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून खास संरक्षण असलेला जिल्हा आहे. तिथे पेसा (अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा दोन्ही लागू आहेत, म्हणजे जनसुनावणी वगळली तरी ग्रामसभा वगळता येत नाही. कटघोऱ्याचा पट्टा अजून शोधाच्या टप्प्यावर दिला गेला आहे, खाणीला अवकाश आहे. एवढ्या काळात वेधनाचे निष्कर्ष, पाण्याचा हिशेब आणि गाळ कुठे साठणार याचा नकाशा गावातल्या भाषेत छापून गावापुढे ठेवता येईल. ही सूट मागे घ्यावी आणि सुरुवात तिथूनच करावी.